टॉफीच्या नावाचे मैदान

वेल्समधील न्यूपोर्ट शहरात रेक्सव्हिल नावाचे एक मैदान होते. ‘रेक्स’ म्हणजे लॅटिनमध्ये राजा. परंतु येथे कोणताही राजा अभिप्रेत नाही. लव्हेल यांच्या कारखान्यात ‘टॉफी रेक्स’ नावाची टॉफी तयार होत असे, तिच्यावरून हे नाव पडले. स्थलनामांच्या व्युत्पत्तीत आपण देव, झाडे, राजे शोधतो. जाहिरातीकडे सहसा लक्ष जात नाही. या कारखान्याचा फुटबॉल क्लब, लव्हेल्स अ‍ॅथलेटिक, १९१८ मध्ये स्थापन झाला आणि १९६९ मध्ये विसर्जित झाला. अवघी एकावन्न वर्षे.

त्याचा उत्कर्षकाळ युद्धाचा आहे. १९३९ मध्ये ब्रिटनमधील नियमित लीग थांबली, प्रादेशिक स्पर्धा सुरू झाल्या आणि इतर क्लबांचे खेळाडू ‘पाहुणे’ म्हणून खेळवण्याची मुभा मिळाली. शहरातला मोठा क्लब, न्यूपोर्ट काउंटी, तेव्हा बंद होता. त्या पोकळीत कारखान्याचा हा संघ नामवंत क्लबांच्या बरोबरीने खेळला व पश्चिम विभागाचा विजेताही ठरला. गंमत अशी की १९४२ च्या जुलैपासून गोळ्या-टॉफ्यांवर रेशन आले होते. टॉफी दुर्मीळ झाली तेव्हाच तिच्या कारखान्याचा संघ सर्वाधिक गाजत होता!

१९४६ च्या जानेवारीत एफ. ए. कपच्या तिसऱ्या फेरीत वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सशी गाठ पडली. त्या हंगामात या फेरीत दोन सामने होत. घरच्या मैदानावर लव्हेल्स ४-२ असा हरला. परक्या मैदानावर ८-१. आकडे केविलवाणे वाटतात खरे, पण प्रथम श्रेणीच्या संघाला कामगारांच्या मैदानावर येऊन खेळावे लागले, हे आम्हांला अधिक बोलके वाटते.

शांतता आली आणि दार मिटले. त्या काळी लीगमध्ये प्रवेश सभासद क्लबांच्या मतांवर ठरे, मैदानावरील गुणांवर नव्हे. न्यूपोर्ट काउंटी आपल्या जुन्या हक्काने दुसऱ्या श्रेणीत परतला आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये न्यूकॅसलकडून १३-० असा हरला. लव्हेल्स मात्र बाहेरच राहिला. यात अन्याय होता, असे आमचे मत आहे. युद्धकाळातील यश कुणी जमेस धरले नाही.

तरी क्लब लगेच खचला नाही. १९४८ मध्ये श्रूजबरी टाउनला ३-० ने हरवून त्याने वेल्श कप जिंकला. पुढच्याच वर्षी हॅरी क्लार्क हा बचावपटू येथून टॉटनहॅमला गेला आणि १९५१ मध्ये लीगविजेत्या संघाचा खेळाडू झाला. १९५९ मध्ये क्लब पुन्हा वेल्श कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. कार्डिफ सिटीने २-० ने हरवले. त्यानंतर दहाच वर्षे.