शेतकऱ्याचे घराणे आणि सरकारी दप्तर



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. आपल्याच जिल्ह्यातील असईचे पाहा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे मराठ्यांची आणि इंग्रजांची गाठ पडली. कोणती पलटण कोठे उभी होती, नदी कोणत्या उताराने ओलांडली, तोफा किती हाती लागल्या, हे सारे लिहिलेले आहे. मात्र केळणेच्या काठी ज्यांची वावरे होती, त्या कुणब्यांची नावे त्या हकीकतींत नाहीत. राजाला बखरकार मिळतो, सेनापतीला चरित्रकार मिळतो; कुणब्याला कोण मिळतो? आमचे उत्तर असे की, कुणब्याला वसुली कारकून मिळतो. आजच्या विवेचनाचा गाभा तोच आहे.

एकोणिसाव्या शतकातील साध्या शेतकरी घराण्याचा माग आपल्या भागात लावता येतो काय, आणि येत असल्यास कसा, हा आमचा विषय. पूर्वी हा हौशी माणसांचा नाद समजला जाई. आता तसे राहिलेले नाही. २०२३ साली अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि निजामकालीन कागदांत ‘कुणबी’ ही नोंद शोधण्याचे काम सुरू झाले. पहिल्या काही आठवड्यांतच मराठवाड्यातील पावणेदोन कोटींच्या घरात नोंदी तपासल्या गेल्या आणि सुमारे साडेअकरा हजार ठिकाणी ती नोंद सापडली. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्यात आला. आरक्षणाच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आम्हांला एवढेच दाखवावयाचे आहे की, पणजोबाचे नाव कोणत्या कागदात आहे हा प्रश्न आता पणतूच्या शिक्षणाशी आणि नोकरीशी येऊन भिडला आहे.

तुलनेसाठी क्षणभर अमेरिकेकडे पाहू. तेथील मध्य-पश्चिमेच्या प्रदेशात आयोवा, इलिनॉय वगैरे राज्ये आहेत. त्या भागातील शेतकऱ्याचा नातू आपले घराणे सहज शोधतो, कारण १८५० च्या शिरगणतीपासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव, वय आणि जन्मस्थान तेथे लिहिले गेले. १८५० ते १८८० च्या शेतीपत्रकांत कोणाकडे किती एकर, किती गाई, किती मका, हेही सापडते. १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन मिळविणाऱ्याला पाच वर्षे ती कसल्याचा पुरावा द्यावा लागे. त्यामुळे घर कसे बांधले, किती जमीन नांगरली, घरात माणसे किती, हे साक्षीदारांच्या तोंडून त्या फायलीत उतरले. पण तेथेही सगळे सरळ नाही. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत माणसांची वये आहेत, नावे बहुधा नाहीत. ज्या मूळच्या जमातींच्या जमिनीवर हे १६० एकर मोजले गेले, त्यांची गोष्ट त्या फायलीत नाही. शिवाय १८९० च्या शिरगणतीची बहुतेक पत्रके १९२१ च्या आगीमुळे गेली. प्रत्येक दप्तराला एक कुंपण असते. कोणी आत असतो, कोणी बाहेर राहतो.

आपल्याकडे निजामाच्या राज्यातील पहिली शिरगणती १८८१ साली झाली. तिचे आकडे मिळतात, नावे मिळत नाहीत. कारण गोषवारा निघाल्यावर घरोघरची पत्रके जपण्याची रीत नव्हती. १८८४ साली छापलेल्या औरंगाबादच्या गॅझेटियरचेही तसेच. कोणत्या जातीचे किती लोक, हे त्यात आहे. अमक्या गावचा अमका, हे नाही. आकडा जातीचा असतो, वंशावळ माणसाची असते. या दोहोंमध्ये पूल बांधावयाचा तर गावच्या कागदांकडेच जावे लागते.

हे कागद वाचण्याचा पहिला नियम असा की, आजपासून मागे जावे. थोर पूर्वजापासून सुरुवात करून आपल्यापर्यंत पोहोचणारे बहुधा दुसऱ्याच्याच घरात पोहोचतात. म्हणून प्रथम आजचा सातबारा आणि फेरफार घ्यावा. त्यामागे १९५४–५५ चे खासरा पत्रक. त्यात सर्व्हे नंबर, पट्टेदार आणि प्रत्यक्ष कसणारा अशी माहिती असते, आणि मराठवाड्यातील जमिनीच्या इतिहासाचा तो भक्कम उंबरठा आहे. त्याच सुमाराची संरक्षित कुळांची नोंदवही पाहावी. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यामुळे दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस तेथे स्वतःच्या नावाने उभा राहिला. १९५१ च्या नागरिक नोंदवहीत घरातील माणसे वयासह येतात. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि जन्ममृत्यूची नोंद, जिला गावात कोतवाल बुक म्हणतात, ही दोन्हीही सोडू नयेत. एवढे हाती आले म्हणजे विसाव्या शतकाचा पूर्वार्ध बराच उजळतो.

त्यापलीकडे निजामाचे दप्तर लागते. १८५३ साली सालारजंग दिवाण झाले तेव्हा तालुके मक्त्याने दिलेले असत. मक्तेदाराला गावाच्या रकमेशी काम. रयत कोण, याच्याशी नव्हे. त्यामुळे त्या काळात वतनदार पाटील, देशमुख, देशपांडे यांची घराणी कागदांत ठळक दिसतात आणि साधा कुणबी गावाच्या एकूण आकड्यात विरून जातो. १८६५ च्या सुमारास जिल्हे पाडले गेले, मक्त्याची पद्धत मागे पडली, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली. त्या मोजणीतून सेतवार हा कागद जन्मला. शेताचा नंबर, क्षेत्र, आकार आणि पट्टेदाराचे नाव! सरकारला आता प्रत्येक शेतामागे एक देणेकरी हवा होता, आणि त्या गरजेपोटी आपला पूर्वज प्रथमच नावानिशी लिहिला गेला. त्याचा मान म्हणून नव्हे, सारा वसूल व्हावा म्हणून.

ही जाणीव ठेवली नाही तर वाचन फसते. चार भावांचे घर असले तरी पट्टा बहुधा थोरल्याच्या नावे होई; बाकीचे हिस्सेदार शिकमीदार म्हणून दाखविले जात, किंवा दाखविलेच जात नसत. सेतवारात नाव नाही म्हणून धाकट्या भावाची शाखा घराण्याबाहेरची ठरत नाही. तो कसत होता. फक्त सरकारचा देणेकरी तो नव्हता.

भाषेची अडचण वेगळी. गावचा हिशेब कुलकर्ण्याच्या हातचा, मोडीत. तालुक्यापासून वर आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू. सन फसली. हैदराबादच्या फसलीत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, परंतु वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होते. तेव्हा १२९० फसली म्हणजे १८८०–८१. पहिल्या शिरगणतीचे वर्ष ते हेच. मोडी कागदांत शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. ही बेरीज चुकली की बाप मुलापेक्षा धाकटा ठरतो.

नावांचेही तसेच. जुन्या नोंदींत आडनाव क्वचित; ‘राघोजी वल्द मानाजी’ किंवा ‘राघोजी बिन मानाजी’ एवढेच. वल्द आणि बिन म्हणजे मुलगा. आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची चाल, म्हणून पुढच्या पिढीत ‘मानाजी वल्द राघोजी’ येतो आणि त्याच्यापुढे पुन्हा राघोजी! दोन राघोजींमध्ये पन्नास वर्षांचे अंतर असू शकते. अशा वेळी नावापेक्षा शेताला धरून चालावे. माणूस मरतो, नाव फिरून येते; शेत मात्र जागचे हलत नाही. सर्व्हे नंबर, शेजारचे खातेदार, विहिरीतील हिस्सा, एवढे जुळले तरच माणूस जुळला असे समजावे.

स्त्रिया या दप्तरात फार थोड्या. नवरा वारला आणि मुलगा अज्ञान असला म्हणजे ‘कोम’ किंवा ‘जौजे’ या शब्दांमागे एखादी बाई दिसते. कोम अमका, म्हणजे अमक्याची बायको. मुलगा मोठा होताच ती पुन्हा कागदाबाहेर जाते. पण घराण्याची खरी स्मृती बायकांकडेच असते. आजीचे माहेर कोणते, आत्या कोठे दिली, कोणत्या गावाशी सोयरिक बंद झाली आणि का, हे कोणत्याही तहसिलीत मिळणार नाही. ते घरातल्या म्हातारीला विचारावे, आणि आजच विचारावे.

सरकारी दप्तराला जोड द्यावयाची ती तीर्थक्षेत्रांच्या वह्यांची. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील उपाध्यायांच्या वह्यांत गावाप्रमाणे आणि कुळाप्रमाणे यात्रेकरूंची नावे लिहिलेली असतात. बरोबर कोण आले, घरी कोण आहेत, कोणाचे पिंड दिले, हेही. तहसिलीत माणूस देणेकरी म्हणून दिसतो, येथे तो भाऊबंदांसह दिसतो. दोन्ही कागद एकमेकांना दुजोरा देतात तेथे वंशावळ पक्की समजावी.

तिसरी वही सावकाराची, आणि तिच्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दारांवर चालून गेले. पुणे-नगर भागात पसरलेल्या त्या उठावात रयतेचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. ते मिळवून त्यांनी जाळले. अक्षरशत्रू म्हणून हिणविलेल्या या माणसांना कागदाचे सामर्थ्य पुरते कळले होते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र विचित्र प्रसंग ओढवला: ज्या कागदाने घर बुडविले, त्याच कागदावर घरधन्याचे नाव आणि निशाणी होती. आम्ही त्या शेतकऱ्यांना दोष देणार नाही. कागद दुसऱ्याच्या हाती असला म्हणजे तो जाळण्यावाचून त्यांना दुसरा मार्ग कोणता होता?

१८९९–१९०० च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला. त्याच सुमारास हैदराबाद–मनमाड रेल्वे जालन्यावरून धावू लागली आणि कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. शेत सुटलेल्या कुणब्याचा, आणि ज्यांना शेत कधी नव्हतेच त्या सालगड्यांचा व बलुतेदारांचा माग येथून पुढे कारखान्याच्या हजेरीपटावर शोधावा लागतो. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, म्हणून हे दप्तर आम्हांला जवळचे. हजेरीपटावर नाव नाही तो कामावर नव्हता, असे मालकाचा वकील म्हणतो. सेतवारात नाव नाही तो शेतकरी नव्हता, असे कारकून म्हणतो. दोघांचे तर्कशास्त्र एकच! वीस वर्षे गासड्या वाहिलेला माणूस कागदावर नाही म्हणून ग्रॅच्युइटीला मुकतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्या माणसाचे श्रम खोटे नसतात, नोंद अपुरी असते. इतिहासाच्या अभ्यासकाने हा फरक कधी विसरू नये.

तेव्हा करावे काय? तालुक्याच्या रेकॉर्डातील रुमाल उन्हापावसापासून आणि वाळवीपासून वाचविणे हे सरकारचे काम आहे, पण ते त्याच्याकडून करून घेणे हे आपले काम आहे. मोडी आणि जुनी उर्दू लिपी वाचणारे तरुण शहरात तयार झाले पाहिजेत. आज दोन्ही येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि ज्याला आपला कागद वाचता येत नाही त्याला वाचून दाखविणाऱ्यावर विसंबावे लागते. संघटनांनी जुने हजेरीपट व पगारपत्रके रद्दीत जाऊ देऊ नयेत. आणि प्रत्येक घराने एका वहीत चार पिढ्यांची नावे, गावे, शेतांची नावे व लेकीसुनांची माहेरे लिहून ठेवावीत. ऐकीव काय आणि कागदात पाहिलेले काय, हे वेगवेगळे लिहावे.

दीडशे वर्षे आपल्या घराण्यांची नोंद दुसऱ्यांनी केली, आणि ती त्यांच्या येण्याच्या हिशेबासाठी केली. पुढची नोंद आपण आपल्यासाठी करावी. तिच्यात पट्टेदार असेल तसा शिकमीदारही असावा, आणि ज्याच्या नावावर तसूभर जमीन नव्हती तो सालगडीही असावा.