तारेच्या कुंपणाआतली माणसे

सोलापूरच्या नव्या पेठेत रिक्षावाल्याला नुसते 'सेटलमेंट' म्हटले तरी पुरते. शहराला हा शब्द कुठून मिळाला, हे मात्र वर्गात विचारून पाहावे. उत्तर येईलच असे नाही.

इंग्रज सरकारने १८७१ साली 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, अशी त्यामागची समजूत होती. पाचच वर्षांनी इटलीतील डॉक्टर लोम्ब्रोझो यांनी कवटीच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखता येतो असे मांडले. म्हणजे ही समजूत केवळ साहेबाच्या कचेरीत नव्हती, ती शास्त्र म्हणूनही मिरवत होती. बैलांच्या किंवा गाढवांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहणाऱ्या कित्येक भटक्यांचा धंदा रेल्वेने बसवला होता, ही साधी गोष्ट त्या हिशोबात आली नाही.

१९११ मध्ये कायद्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई इलाख्यात वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची सेटलमेंट त्यांतलीच. कैकाडी, पारधी, टकारी अशा जमातींची कुटुंबे तिथे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर परवानगी. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचा अधिकारही कायद्याने सरकारला दिला होता. मोठी माणसे कापडगिरण्यांत कामाला जात.

आता एक विसंगती पाहा. जो नीट वागेल, काम टिकवेल, त्याला कुंपणाबाहेरच्या 'फ्री कॉलनी'त घर मिळे आणि हजेरीतही सवलत मिळे. गुन्हेगारी जर रक्तातच असेल, तर गिरणीतल्या नोकरीने ती कमी कशी होणार? वसाहतीचा कारभार आपल्याच कायद्याच्या गृहीताला खोटे पाडत होता. अशा फ्री कॉलन्यांची नावे सोलापुरात अजून आहेत.

नोकरी आणि घर यांनी काय होते, याचे उत्तर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हिर्शी यांनी १९६९ मध्ये दिले. त्यांनी प्रश्नच उलटा केला: माणूस गुन्हा का करतो हे विचारण्याऐवजी, बहुतेक माणसे तो का करत नाहीत? कॅलिफोर्नियातील हजारो शाळकरी मुलांच्या उत्तरांवरून त्यांनी चार धागे सांगितले. आईवडील व शिक्षक यांच्याविषयीचा जिव्हाळा, गमावण्याजोगे काहीतरी हाती असणे, कामात गुंतलेला वेळ आणि नियम योग्य आहेत हा विश्वास. यांतला दुसरा धागा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या नावावर घर नाही आणि ज्याची पत गावाने आधीच शून्य धरली आहे, त्याला चांगले वागून राखायचे तरी काय? पुढे सॅम्पसन आणि लॉब यांनी बॉस्टनच्या ५०० बालगुन्हेगारांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. स्थिर नोकरी आणि चांगला संसार लाभलेले अनेकजण गुन्ह्यापासून दूर झाल्याचे त्यांना १९९३ मध्ये दाखवता आले.

मात्र हा सिद्धान्त सेटलमेंटला जसाच्या तसा लावू नये. तिथल्या माणसांना बंध नव्हते असे नाही. त्यांची जातपंचायत, नाती आणि आपसातला शब्द घट्टच होता. तुटलेला बंध होता तो बाहेरच्या समाजाशी, आणि तो बाहेरच्यांनी तोडला होता.

याच्या अगदी उलट प्रयोग शेजारच्या औंध संस्थानात झाला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आणि राजेसाहेबांच्या पाठिंब्याने कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. गुन्हा शाबीत झालेले कैदी तिथे भिंतीशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामागची प्रेरणा हीच. म्हणजे खुनाची शिक्षा झालेल्यालाही मोकळ्या रानात कुटुंब जवळ ठेवता येत होते, आणि त्याच काळात सोलापुरात काहीही न केलेले मूल जन्मतःच तारेआड होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या गेल्या. संशय मात्र रद्द झाला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' हे आत्मकथन त्यानंतर ३५ वर्षांनी, १९८७ साली आले. जन्माने चोर ठरवलेल्या घरातल्या मुलाची शाळा, पोलीस आणि कामधंदा यांची हकिगत त्यात आहे. वरच्या वर्गांना तो भाग वाचून दाखवता येईल.