दारू, मेंदू आणि अफूचे रसायन

नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरच्या माळावर ऊस आणला. उसापाठोपाठ १९३०च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने निघाले. साखरेबरोबर मळी निघते आणि मळीपासून मद्यार्क होतो. मुंबई प्रांतात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. तरी हातभट्ट्या विझल्या नाहीत. पगाराच्या दिवशी कामगारवस्तीत काय होते, हे आम्हां चळवळीतल्या लोकांना ठाऊक आहे. पिणाऱ्याबद्दल निवाडा एकच असतो : ‘मनाचा दुबळा.’ या निवाड्याची रसायनशास्त्राने एकदा चौकशी केली, तिचा हा इतिहास.

मॉर्फीन हे अल्कलॉइड अफूचे झाड डोपामाइन नावाच्या अमाइनापासून घडवीत नेते. हेच डोपामाइन आपल्या मेंदूतही असते. १९७० साली अमेरिकेत डेव्हिस आणि वॉल्श यांनी उंदराच्या मेंदूच्या ऊतकावर प्रयोग केला. मेंदूतील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणारे प्रथिन, डोपामाइनचे अल्डिहाइड करते. दुसरे विकर त्याचा निचरा करते. परंतु दारूपासूनही अल्डिहाइड होते आणि दुसरे विकर त्यातच गुंतते. मग साचलेले अल्डिहाइड उरलेल्या डोपामाइनशी जुळून अल्कलॉइड बनते. आणि अफूच्या झाडात मॉर्फीनच्या वाटेवरचा टप्पा म्हणून तेव्हा हेच अल्कलॉइड मानले जाई! दारूचे व्यसन म्हणजे अफूचेच भावंड की काय, असा प्रश्न उभा राहिला.

त्याच वर्षी सीव्हर्स यांनी आक्षेप घेतला : दारू सुटताना होणारे हाल आणि मॉर्फीन सुटताना होणारे हाल एक नव्हेत. १९७७ साली मायर्स व मेल्चिअर यांनी ते अल्कलॉइड उंदरांच्या मेंदूत सोडले, तेव्हा ते अधिक दारू पिऊ लागले. परंतु सर्वच प्रयोगशाळांना तसे आढळले नाही. पुढे जपानात नाओई यांनी मानवी मेंदूत सॅल्सोलिनॉल हा याच जातीचा पदार्थ बनविणारे विकर असल्याचे सांगितले. पण सॅल्सोलिनॉल आपल्या बागांतल्या केळ्यातही असते. आणि २०१०च्या एका अभ्यासात रक्तातील त्याचे प्रमाण दारूने नव्हे, आहाराने वाढलेले दिसले.

तेव्हा गुन्हेगार अल्कलॉइड सापडले, असे कोणी म्हणू नये. मात्र व्यसनाचा खटला नीतीच्या चावडीवरून प्रयोगशाळेत गेला, ही गोष्ट लहान नव्हे. पिणाऱ्या कामगाराला कामावरून काढणे सोपे असते. पण त्याने त्याच्या मेंदूतील रसायन बदलत नाही, घरची चूल मात्र विझते. आधी त्याला वैद्याकडे न्यावे, हिशेब मागाहून करावा.