वहीतली नावं

माझ्या दुकानात एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. किराणावाल्याकडे उधारीची असते तशी. पहिल्या पानावर श्री, त्याखाली मार्च २०००, आणि मग किहीमच्या एका लॉजचं नाव इंग्रजी अक्षरांत, पुढे टिंब आणि कॉम. शेवटच्या रकान्यात तांबड्या शाईने मुदत संपायची तारीख. अलिबागच्या एसटी स्टँडजवळ माझं एसटीडी-पीसीओ आणि झेरॉक्सचं दुकान होतं. त्यात दोन कॉम्प्युटर मांडून मी सायबर कॅफेची पाटी लावली आणि पाटीखाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'वेबसाइटचे नाव काढून मिळेल'. उत्पन्नाचा दाखला काढून मिळतो, जातीचा काढून मिळतो, तसंच नाव. लोकांना लगेच कळलं.

'विकत घेतलं' असं मात्र कुणी म्हटलं की मी अडवायचो. इंटरनेटवरचं नाव विकत मिळतच नाही. एक वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंतचा पट्टा मिळतो. दरवेळी भाडं भरायचं, पुढे चालू ठेवायचं. चुकलात की गेलं.

एके काळी हे भाडंसुद्धा नव्हतं. कॉमवाली नावं १९८५ पासून द्यायला लागले आणि दहा वर्षं ती फुकट होती. खर्च अमेरिकेचं सरकार सोसायचं. १४ सप्टेंबर १९९५ ला नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीने दोन वर्षांचे शंभर डॉलर लावले. आता आपल्याकडचं बघा. विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आपल्या वाट्याला फुकटातली मुदत आली बरोबर तीस दिवसांची. त्या तीस दिवसांत अलिबागेत कुणाला काय कळणार होतं! आम्ही तेव्हा फॅक्स आला म्हणून पेढे वाटत होतो.

आपल्या देशाच्या 'इन'ची गोष्ट तर समोरच्याच किनाऱ्यावरची. जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी नावाची संस्था होती, श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख. ८ मे १९८९ ला 'इन'चा कारभार त्यांच्याकडे आला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला आमच्या उरणमध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. बंदराला लगेच जहाजं लागायला लागली. 'इन'ला कोणी लागेना. नियम कडक होते आणि नुसतं 'इन' मिळत नसे, मध्ये 'को' नाहीतर 'ओआरजी' लावावं लागे. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत सगळ्या देशाची मिळून नावं झाली जेमतेम सात हजार. नागावच्या वाडीतल्या दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या माणसाने त्या वाटेला कशाला जावं? तो आपला माझ्याकडे यायचा आणि कॉम काढायचा. पैसे मी बोरिवलीच्या मेव्हण्याच्या क्रेडिट कार्डावरून भरायचो आणि त्याला मनीऑर्डर करायचो. २००५ साली निक्सी या संस्थेने 'इन' सगळ्यांना मोकळं केलं, त्यानंतर माझ्या वहीत 'इन' दिसायला लागतं. २०१० च्या मार्चपर्यंत देशात सहा लाखांवर नावं गेली होती.

नाव काढायचं म्हटलं की पहिलं भांडण स्पेलिंगवरून. मराठीत अलिबाग एकच. इंग्रजीत बी-ए-जी लिहायचं की बी-ए-यू-जी? बंगलेवाल्यांना 'यू' हवा, त्याशिवाय बागेला बाग आल्यासारखं वाटत नाही त्यांना. आमच्या जुन्या लोकांना तो 'यू' नको. मी दोन्ही काढून ठेवायला सांगायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, मी काय अलिबागहून आलोय? अलिबागमध्ये बसून हे म्हणायचं, म्हणजे बघा. (या वाक्प्रचारावर बंदी घाला म्हणून उच्च न्यायालयात याचिका झाली होती. २०१९ साली न्यायालयाने ती फेटाळली. मला विचाराल तर बरं केलं.)

चौलची तर दोन हजार वर्षं हीच रड आहे. टॉलेमीने सिमुल्ला लिहिलं, अरबांनी सैमूर, पंधराव्या शतकात आलेल्या निकितिन या रशियन व्यापाऱ्याने चिविल. चौलच्या गिऱ्हाइकाला मी हे सांगितलं की तो म्हणायचा, मग सगळीच काढा, पण पैसे एकाचे घ्या.

आणि जिल्हा? आमचा कुलाबा १ जानेवारी १९८१ ला रायगड झाला. इंग्रजी सरकारी कागदांत त्याचं शेवटचं अक्षर कधी 'डी', कधी 'आरएच'. छत्तीसगडमध्येही एक रायगड आहे, तो 'आरएच'वाला. दोन्ही जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइट आहेत आणि पत्त्यात फरक एवढाच. माझ्या दुकानात एका पोराने महाडचा तहसीलदार शोधता शोधता छत्तीसगड गाठलं होतं.

एका अक्षराचा फरक म्हणजे काय, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ सालीच सांगून ठेवलं होतं. रेडिफच्या नावातल्या 'ई'च्या जागी 'ए' घालून दुसऱ्या कंपनीने रॅडिफ काढलं होतं. न्यायालयाने मनाई केली आणि इंटरनेटवरच्या नावाला व्यापारचिन्हासारखंच संरक्षण आहे असं मानलं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सत्यम इन्फोवेच्या खटल्यात तेच धरलं. मी त्या बातमीचं कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं.

ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत 'भारत' आलं. टिंबापुढे चक्क भारत, मराठी अक्षरांत. मी खूश. बाग-बाऊगचं भांडण मिटलं! पण कॉम्प्युटर आतून इंग्रजीच बोलतो. 'भारत' लिहिलं की तो आपल्याशी पुटपुटतो, एक्स-एन, दोन आडव्या रेघा, एच, दोन, बी, आर, जे, नऊ, सी. ईमेलमधून पत्ता पाठवला की कधीकधी समोरच्याला हेच दिसायचं आणि तो व्हायरस समजून पुसून टाकायचा. आक्षीच्या एकाला 'किनाऱ्यावर' हे नाव हवं होतं. त्यातला तो कोयतीसारखा अर्धा र कॉम्प्युटरवर दोन तऱ्हांनी लिहिता येतो आणि एकीत मध्ये एक न दिसणारं अक्षर असतं. न दिसणारं अक्षर पत्त्यात नको, म्हटलं. त्याने 'समुद्र' घेतलं आणि वर्षाने सोडून दिलं.

हे झालं नावांचं. आता मालकाचं.

प्रत्येक नावामागे एक नोंद असते. तेव्हा तिच्यात चार माणसं लिहायची जागा असायची: धारक, कारभार बघणारा, तांत्रिक बाजू बघणारा आणि पैसे भरणारा. माझ्या गिऱ्हाइकांकडे ना ईमेल होता ना कार्ड. म्हणून चारही ठिकाणी मी माझंच नाव घालत गेलो. २०१४ पासून धारकाच्या ईमेलवर पत्र यायला लागलं, त्यातला दुवा पंधरा दिवसांत दाबला नाही तर नाव बंद. लोक ईमेल कुठे उघडतात? मग पुन्हा माझाच पत्ता. कुणाला फसवायचं मनात नव्हतं. सोय होती. वहीतल्या बेचाळीस नावांपैकी एकेचाळीस अशी माझ्या नावावर बसली. बेचाळिसावं माझंच होतं.

आमचं मूळ गाव पोयनाडच्या बाजूला, चरीजवळ. चरीचा संप ठाऊक नाही असा माणूस आमच्याकडे नाही. १९३३ ते १९३९, सहा वर्षं कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. पुढारी नारायण नागू पाटील. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती मोडण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. खोती कायद्याने गेली ती पुढे १९४९ च्या कायद्याने. आजोबा त्या संपात होते. लाकूडफाटा विकून आणि खाडीत चिंबोऱ्या पकडून दिवस काढले, असं आजी सांगायची. खोत म्हणजे काय, तर राबणारा दुसरा आणि दप्तरात नाव तिसऱ्याचं. निदान पुढे सातबाऱ्याच्या 'इतर हक्का'त कुळाचं नाव यायला लागलं. माझ्या गिऱ्हाइकांचं तर तिथेही नव्हतं.

हे मला सुचलं २०२० मध्ये, आणि सुचायला वादळ यावं लागलं.

दिवेआगरच्या एक वहिनी, यजमान गेल्यानंतर वाडीत राहण्या-जेवणाची सोय चालवायच्या. त्यांचं नाव मी २००८ मध्ये काढलं होतं. मुदत १८ मे २०२०. मुदतीच्या महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक अशी आठवण येते. आली असणार. पण नोंदीतला माझा जुना ईमेल भरून वाहत होता आणि त्याचा पासवर्ड मीच विसरलो होतो. दुकान मार्चपासून बंद, वही दुकानात. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, मुरुडकडे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. कॉमला मुदतीनंतरही पंचेचाळीस दिवसांपर्यंत साध्या भाड्यात सांभाळून घेतात, पुढचे तीस दिवस दंड भरून सोडवता येतं, मग पाच दिवस कुणाचंच नसतं, आणि मग ज्याचा हात आधी पोचेल त्याचं. गणपतीत मी वही उघडली. त्या नावावर औषधांच्या जाहिराती लागल्या होत्या आणि खाली, हे नाव विकणे आहे, दीड हजार डॉलर.

मी फोन केला. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, वाडीत चारशे पोफळी होत्या, तीस उभ्या आहेत. तुमचं ते डॉट कॉम कुठे शोधत बसू?"

मी सुटलो असं वाटलं. पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला. "पण भाऊ, नाव माझं होतं ना? मग दुसऱ्याला कसं दिलं त्यांनी?"

"तुमच्या नावावर नव्हतं, वहिनी."

"मग कुणाच्या?"

मी सांगितलं. पलीकडे कुणीतरी खोबरं खवत होतं, तो आवाज तेवढा येत राहिला.

त्या दिवाळीनंतर मी एकेक नाव ज्याचं त्याला द्यायला घेतलं. काम किचकट. धारक बदलला की साठ दिवस ते नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही. हलवायचं तर सांकेतिक अंक लागतो. त्याआधी प्रत्येकाला ईमेल हवा. कुणी मुंबईच्या मुलाचा दिला, कुणी दोह्याच्या जावयाचा. मी म्हणायचो, तुमचा स्वतःचा काढा, जावयाचा भरवसा काय? आक्षीच्या एका म्हाताऱ्याने ऐकलंच नाही. "तुमच्याच नावावर असू द्या. तुम्ही काय पळून जाताय?" तीन खेपा घातल्या तेव्हा त्याच्या नातीने सही केली, म्हणजे बटण दाबलं. तीन नावांचे मालक सापडलेच नाहीत. लॉज विकून गेले होते.

वहिनी गेल्या वर्षी मे महिन्यात स्वतः आल्या, रोठ्याच्या सुपारीची पिशवी घेऊन. नवीन पोफळी लावल्यात म्हणाल्या, धरायला वेळ आहे. नाव 'इन'चं घेतलं. ईमेल त्यांचा, आधीच काढून आणलेला. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी स्वतः टाइप केलं, मी हात लावायला गेलो तर नको म्हणाल्या. किती वर्षांसाठी, मी विचारलं. दहा. नोटा मोजून ठेवल्या.

मी वही ओढली. अनुक्रमांक, नाव, गाव, रक्कम, मुदत. मालकाचा रकाना वहीत नव्हताच. ड्रॉवरमधून पट्टी काढून तो आखला.