कर्जात जादा भरावं का? कोकरूडचा धडा

ऊसबिल जमा झालं की प्रश्न पडतो: जमीन तारण ठेवून काढलेल्या कर्जात हप्त्यापेक्षा जादा भरावं का?

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उठला. सप्टेंबरात तो आपल्याकडं कोकरूडला झाला. आज शिराळा तालुक्यात असलेलं हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात. लोकांनी सावकाराचं दप्तर नष्ट केलं. राग नुसत्या व्याजाचा नव्हता. कुणबी पैसा, धान्य देत राहायचा, पण पावती मिळायची नाही आणि खात्यावर जमाही पडायचं नाही. मग जादा भरून उपयोग काय?

म्हणून 1879 मध्ये पुणे, नगर, सोलापूर, साताऱ्यासाठी खास कायदा झाला. पैसे घेणाऱ्यानं लेखी पावती द्यायची, मागितल्यास हिशेब द्यायचा. कोर्टाला व्यवहार मुळापासून तपासता येऊ लागला.

आता आपलं बघा. विहीर, पाइपलाइनचं लांब मुदतीचं कर्ज असेल, तर सुरुवातीलाच जादा भरलेलं बरं. मुद्दल घटतं, पुढचं व्याज वाचतं. पण भरलेला पैसा परत हाती येत नाही. लागणीला खिसा रिकामा राहिला तर पुन्हा हातउसनं, तेही महाग. पीककर्ज तीन लाखांपर्यंत मुदतीत फेडलं की व्याज शून्य, मग ते आधी भरायची घाई कशाला?

जादा भराल तेव्हा "मुद्दलात जमा" असं लिहून घ्या. कर्ज फिटलं की सातबाऱ्यावरचा बोजा उतरवूनच घ्या.