अर्धा कोयता : ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघणाऱ्या बीडची गोष्ट



रील्सवर ते व्हिडिओ तुम्ही बघितले असणारच. एकटाच माणूस, गाडीमागे जोडलेलं चाकांवरचं छोटं घर, संध्याकाळी एखाद्या कॅम्पवर शेकोटी आणि अनोळखी लोकांशी जमलेल्या गप्पा. आपल्या राज्य सरकारनंसुद्धा २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या जिथं मुक्काम करतील त्या कॅराव्हॅन पार्कमध्ये पाणी, वीज अशा मूलभूत सोयी असाव्यात, असं त्यात ठरलं. वाईट काहीच नाही त्यात. पण माझं गाव बीड जिल्ह्यातलं, केज तालुक्यातलं. ट्रॉलीत संसार भरून निघायचं आणि अनोळखी ठिकाणी वस्ती करायची, हे आमच्याकडं पन्नास वर्षांहून जास्त काळ चालू आहे. त्याला पर्यटन कुणी म्हणत नाही, एवढाच फरक. आजचा भाग त्या प्रवासाच्या इतिहासावर.

दसरा-दिवाळी झाली की गावात ट्रॅक्टर येतो, मागं दोन ट्रॉल्या. त्यात बांबू, ताडपत्री, पिठाची पोती, पाण्याचा ड्रम, भांडी, एखादी शेळी, कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर माणसं. लेकरं मधोमध, म्हणजे वळणावर पडायला नकोत. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगर किंवा थेट कर्नाटकात बेळगावकडं. एका ट्रॅक्टरवर निघालेल्या जोड्यांना मिळून म्हणतात टोळी. (हा शब्द पोलिसांच्या बातम्यांतला नाही बरं का. आमच्याकडं टोळीत असणं म्हणजे कामावर असणं.)

आता बीडच का? बालाघाटचा डोंगर, पर्जन्यछाया, हलकी जमीन. हे कारण खरं आहे, पण अर्धंच. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि शेजारचा नगर जिल्हा १९४७ पर्यंत इंग्रजांच्या. तिकडं १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं, कालवे वाहू लागले, ऊस आला. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा प्रवरा सहकारी कारखाना सुरू झाला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडला की त्यातली साखर तासातासाला उतरते, म्हणून गव्हाणीत मोळी वेळेवर पडलीच पाहिजे. रात्री दोन वाजता गाडी भरायला उठणारी माणसं हवी होती. गावातल्या मजुराला स्वतःचं शेत असतं, लग्नकार्य असतं. घर सोडून दोनशे किलोमीटरवर आलेल्याला जायलाच जागा नसते. कारखान्यांना लांबचे लोक का आवडले, याचं माझ्या मते हे मोठं कारण आहे. मग १९७२ चा दुष्काळ पडला. तोवर ऊसतोडीला न जाणारी घरंही मुकादमाच्या दारात उभी राहिली. मुकादम हंगामाआधी उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे, आणि ते ऊस तोडून फेडायचे. फिटले नाहीत, तर पुढच्या वर्षी परत त्याच्याकडंच.

पण मला आज बोलायचंय ते गाडीबद्दल. कोणत्या गाडीनं जाता, त्यावर तुमची वस्ती कशी असेल हे ठरत गेलं, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं.

सुरुवातीच्या पिढीचे लोक स्वतःच्या बैलगाडीनं जायचे. पुढं कारखान्यांनी टायरगाड्या दिल्या. बैल आपले, गाडी कारखान्याची. याला म्हणतात गाडी सेंटर. बैल उसाची गाडी ओढून किती लांब जाणार? म्हणून हे लोक कारखान्याजवळच राहायचे, पूर्ण हंगाम एकाच जागी. तो त्यांचा अड्डा. शेकडो कोप्या एकाला एक लागून. बांबूच्या ताट्या वाकवून वर पाचट नाहीतर ताडपत्री टाकली की झाली कोपी, आत वाकूनच जायचं. पण पाच-सहा महिने शेजार तोच राहायचा. अड्ड्यात किराणा उधारीवर मिळायचा, दळण कुठं ते ठरलेलं असायचं, सोयरिकी जमायच्या. उसाचे वाढे, म्हणजे वरचा हिरवा शेंडा, बैलांना घालून उरले की बायका बाजारात विकायच्या. ते पैसे मुकादमाच्या वहीत जात नसत. बाई ते हातात घ्यायची.

१९९० च्या दशकात 'जनार्थ'सारख्या संस्थांनी साखरशाळा चालवल्या, त्या याच अड्ड्यांवर जमल्या. कारण सरळ आहे. पोरं रोज त्याच जागी सापडत होती.

ट्रक आणि ट्रॅक्टर आल्यावर हे बदललं. डोकी सेंटर म्हणजे फडात ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून चढून गाडीत टाकायची. गाडी लांबून ऊस आणू शकते, त्यामुळं टोळी कारखान्यापासून कितीही दूर. एका गावचा फड संपला की कोपी मोडायची, ट्रॉलीत टाकायची, दुसऱ्या गावाच्या शिवारात उभी करायची. शाळा मागं धावू शकत नाही. मग सरकारनं हंगामी वसतिगृहांचा मार्ग काढला : पोरांनी गावीच थांबायचं, आजी-आजोबांकडं. शिक्षणासाठी ठीकच आहे. पण ट्रॅक्टरनं बैलाचे कष्ट वाचवले आणि शेजार मोडला, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

जगात इतरत्र हेच झालं होतं का? १९३० च्या दशकात अमेरिकेत दुष्काळानं उठलेली कुटुंबं गाड्यांवर संसार बांधून कॅलिफोर्नियाला शेतमजुरीला गेली. तिथं आर्विन गावाजवळ केंद्र सरकारनं त्यांच्यासाठी कॅम्प बांधला. पाणी, संडास, धुण्याची जागा, आणि मुख्य म्हणजे कॅम्पचा कारभार बघायला राहणाऱ्यांनीच निवडलेल्या समित्या. आपल्या अड्ड्यावर असली निवडणूक मी ऐकलेली नाही. तिथं मुकादम आणि कारखान्याचा चिटबॉय, यांचाच शब्द.

आता 'एकटं' या शब्दाकडं येऊ. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळं कुठलीही सिस्टिम दिसली की आधी बघतो, मोजायचं एकक काय आहे. ऊसतोडीत एकक माणूस नाही, कोयता आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल कोयत्याला, हिशोब कोयत्याचा. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. विधवा, नवऱ्यानं टाकलेली, नवरा आजारी असलेली बाई निघाली तर ती अर्धी. उचलही अर्धी, तीही कुणी हमी घेतली तर. आमच्या शेजारच्या काकू दोन हंगाम अशा गेल्या. त्या म्हणतात, "बाळा, कोयता अर्धा धरत्यात, पण मोळी काय अर्धी असती का?"

मग अर्ध्यांनी काय केलं? जोड्या लावल्या. बहीण-भाऊ, आई आणि कोवळा मुलगा, दोन विधवा मिळून एक कोयता. काकूंची जोडी शेजारच्या गावातल्या बाईशी लागली. ट्रॅक्टरवर बसेपर्यंत दोघींनी एकमेकींना पाहिलंही नव्हतं. पहाटे एकीनं भाकरी थापायच्या, दुसरीनं पाणी आणायचं, रात्री बाहेर जायचं तर दोघींनी. कोपी मुद्दाम वस्तीच्या मधे उभी करायची, कडेला नाही. आजही दोघी एकमेकींच्या घरच्या लग्नाला जातात. रील्समधली ती कॅम्पवरची मैत्री मला खोटी वाटत नाही, पण ही मैत्री उपयोगाची होती. ती नसती तर काकू फडात टिकल्या नसत्या.

याच एककाची दुसरी बाजू म्हणजे खाडा. एका दिवसाची सुट्टी म्हणजे मजुरी बुडते आणि वर दंड लागतो. बाईची पाळी असो की ताप, कोयता बंद पडता कामा नये. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या देशभर गाजल्या आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तो विषय स्वतंत्र भागाचा आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये अड्डा काय असतो हे राज्याला दिसलं. भोंगे थांबले, पट्टा पडला, पण जिल्ह्यांच्या सीमा बंद. सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड मजूर कारखान्यांवर अडकलेले. १७ एप्रिलला सरकारनं गावी परतायची परवानगी दिली, तीही तपासणी आणि याद्या करून. त्या याद्या करताना प्रश्न आला असणारच : टोळीत माणसं नेमकी किती? कोयते किती हे मुकादमाला पाठ असतं. माणसं मोजायची सवय व्यवस्थेला नव्हती.

२०२१ पासून ग्रामसेवकांकडून नोंदणी आणि ओळखपत्रं द्यायचं ठरलं. ज्या वर्षी कॅराव्हॅनचं धोरण आलं, त्याच वर्षी. ओळखपत्र एका माणसाच्या नावावर असतं, जोडीच्या नाही, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, त्याच्या हेडलाइन झाल्या. पण करार अजून कोयत्याशीच होतो. काकूंकडं आता ओळखपत्र आहे, त्यावर त्या पूर्ण एक आहेत. मुकादमाच्या वहीत मात्र गेल्या दिवाळीपर्यंत त्यांच्यासारखीच्या नावापुढं अर्धाच लिहिला जात होता.

तुमच्या गावात टोळीबरोबर एकटी गेलेली कुणी बाई असेल, तर तिची जोडी कुणाशी लागली होती ते विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. नावं सांगू नका, तालुका तेवढा सांगा.