बैलाच्या वाटेवर चाक

नाणेघाटातून सायकली खाली न्यायच्या, हे भाच्यानं जाहीर केलं तेव्हा मी दुकानात एका रिमचा आऊट काढत बसलो होतो. जुन्नरमधलं आमचं हे दुकान वडिलांपासूनचं. ते तासाच्या भाड्यानं सायकली द्यायचे आणि गिऱ्हाईक निघताना एकच ताकीद करायचे, "खडकाळीला घालू नको, स्पोक जातील." आता त्यांचाच मुलगा आणि नातू निघाले होते, तेही अशा वाटेला, जी चाकासाठी कधी केलेलीच नव्हती.

घाटघरपर्यंत डांबरी. चावंडचा किल्ला मागे पडला की जीवधनचा समोर येतो, आणि मग पठार संपतं. दोन कड्यांमधली ती खिंड पाहिली की कळतं, सातवाहनांनी इथंच का वाट पाडली. जुन्नरचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरायचा तो इथून. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकायचा, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. खिंडीतल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२८ साली त्याची नोंद घेतली, म्हणून तो विद्वानांपर्यंत पोचला. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं, सगळं आकड्यांनिशी. मला त्या लेखात सगळ्यात जवळचं वाटतं ते हेच. उधारीची वही लिहिणाऱ्या माणसाला आकडा दिसला की बरं वाटतं.

लेण्यापासून पायऱ्यांचा भाग संपेपर्यंत सायकल खांद्यावर. ते माझंच म्हणणं होतं. एवढ्या जुन्या दगडांवर टायर घासण्यात कसली मर्दुमकी? भाचा कुरकुरला, पण पहिली उंच पायरी पाहून गप्प झाला. पेडल नडगीवर आपटत होतं. याला सायकलिंग म्हणायचं की हमाली, असं मनात आलं आणि मग लक्षात आलं की या वाटेचा खरा धंदा हमालीचाच. फक्त ओझं बैलाच्या पाठीवर असायचं.

सह्याद्रीच्या घाटवाटा समजून घ्यायच्या तर गाडी विसरायला हवी. कोकणातलं मीठ वर यायचं, देशावरचं धान्य खाली जायचं, ते गोणी लादलेल्या बैलांवरून. लमाणांचे तांडेच्या तांडे असे चालत. बैलाला उतार चालतो, दगड चालतो, अरुंद वळणही चालतं. गाडीला यातलं काहीच चालत नाही. बोरघाटातसुद्धा गाड्यांचा धड रस्ता झाला तो १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कमच्या वेळी. तोवर पुणे-मुंबईचा माल पाठीवरूनच जायचा. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे गेली, आणि ज्या वाटांना चाक लागलं नाही त्या मागे पडल्या. नाणेघाट त्यातलाच. माझे वडील सांगायचे, घाटघरची माणसं घाटाखालच्या म्हसा गावच्या जत्रेला बैल घेऊन याच वाटेनं उतरायची. शेवटी त्या एवढ्या मोठ्या व्यापारी मार्गाला गिऱ्हाईक राहिलं ते एवढंच.

पायऱ्या संपल्या आणि झाडी लागली. कार्तिक उलटला होता, तरी सावलीतल्या दगडांवर शेवाळ होतं. मी सीट खाली केली, टायरमधली थोडी हवा सोडली. मऊ टायर दगड धरतो. कडक टायर दगडावरून उडतो. दहा पावलं चालव, वीस पावलं उचल, असं सुरू झालं. मोकळ्या दगडांचा एक उतार भाच्यानं सरळ रेषेत मारला, मी मात्र ब्रेक दाबून दाबून. रबराचा वास यायला लागला. रिमला बोट लावलं तर चटका बसला.

त्या वासावरून भाच्याला कॅलिफोर्नियातली गोष्ट आठवली. फेअरफॅक्स गावाबाहेर डोंगरातली एक कच्ची वाट, तीनेक किलोमीटरमध्ये सुमारे १३०० फूट उतार. १९७६ च्या ऑक्टोबरपासून तिथल्या पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींवर शर्यती लावल्या. त्या सायकलींना उलटं पेडल मारून लागणारा, मागच्या हबमधला ब्रेक. एका उतारातच हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचं, आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नाव पडलं 'रीपॅक'. त्यांच्यातल्या जो ब्रीझनं १९७७ मध्ये खास अशा वाटांसाठी नवी फ्रेम बांधली. १९९६ मध्ये माउंटन बाइकिंगचा हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकला पोचला. मला मात्र ते नाव ऐकून हसू आलं. छर्रे धुऊन हबमध्ये ग्रीस भरण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, त्याला कोणी कधी शर्यतीचं नाव दिलं नाही.

मधेमधे सपाटीचे छोटे टप्पे लागत होते. सायकल खरी चालली ती तिथंच. तीन-चार टप्पे झाल्यावर मला शंका आली, म्हणून उतरून नीट पाहिलं. प्रत्येक टप्पा एका मोठ्या चढाच्या अगदी डोक्यावर. खालून ओझं घेऊन येणाऱ्या जनावरानं जिथं दम खायचा, बरोबर तिथं. हा माझा अंदाज आहे, पुस्तकातला नाही. पण चाकाला जागा मिळाली ती बैलाच्या विसाव्याची, एवढं मी त्या दिवशी ढुंगणाखाली अनुभवलं.

वैशाखऱ्याजवळ डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा दुपार कलली होती. टपरीवर चहा घेतला. भाच्याच्या मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटलेले, माझा पुढचा रिम बोटभर आऊट. वडील असते तर आधी शिव्या दिल्या असत्या, मग पाना मागितला असता. मी पाना काढला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "वरून आणल्या?" मी मान हलवली. तो चाकाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "आमचे बैल तासाभरात खाली यायचे."

आम्हाला साडेतीन तास लागले होते. भाचा आता खालून वर जायचं म्हणतोय. मी त्याला सांगितलंय, आधी पेडल काढून पिशवीत टाक.